हमुराबी म्हणे बड्यांनाही सोडत नव्हता

कुठं पूल पडला की तो मेसेज परत फिरतो, प्राचीन बॅबिलोनच्या (आजच्या इराकमधलं) हमुराबी राजानं म्हणे डोळ्याला डोळा हा कायदा सगळ्यांना सारखाच लावला, माणूस कितीही मोठा असो. अर्धंच खरंय. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, हे त्याच्या कायद्यातलं कलम २२९ आहेच, पण पुढचं २३० कुणी फॉरवर्ड करत नाही, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याचा मुलगा मारायचा, म्हणजे चूक बापाची अन् जीव पोराचा! बड्यानं सामान्याचा डोळा फोडला तर नुसती १ मीना चांदी, साधारण अर्धा किलो, भरून मोकळा. खुर्चीवरच्याला खरं झोंबणारं कलम ५, दिलेला निकाल नंतर फिरवणाऱ्या न्यायाधीशाला दाव्याच्या १२ पट दंड आणि कायमची हकालपट्टी.