झाडपाल्याचं व्यसन सुटताना पेशीत काय होतं?

2025 च्या जुलैअखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक शिफारस केली: क्रेटम नावाच्या झाडाशी नातं असलेलं 7-हायड्रॉक्सीमायट्राजायनिन हे रसायन नियंत्रित पदार्थांच्या यादीत घाला. असलं जिभेला वळसे घालणारं नाव पाहून आपल्याकडच्या बहुतेकांनी बातमी सोडून दिली असेल. मला ती विश्रामबागेतल्या एका परिचितांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली विचारलं, "सर, हे झाडाचं पानच ना? मग आमच्या पोराला सोडवेना का झालंय?"

मुलगा टेक्सासात नोकरीला. पाठदुखीवर म्हणून कुणीतरी पेट्रोल पंपावरच्या दुकानातली क्रेटमच्या अर्काची छोटी बाटली हातात दिली, वर 'हर्बल' लिहिलेली. वर्षभरात रोजच्या तीन-चार बाटल्या झाल्या. आता सकाळची बाटली चुकली की संध्याकाळपर्यंत नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया येतात, पोट बिघडतं. रात्री पाय अंथरुणात एका जागी ठरत नाहीत.

झाडाचं पान आहे हे खरं. क्रेटम हा कॉफीच्या कुळातला वृक्ष, शास्त्रीय नाव मित्रागायना स्पेसिओसा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाच्या दमट मुलखात वाढतो. तिथले मजूर उन्हातलं काम रेटायला त्याची ताजी पानं पिढ्यानपिढ्या चघळत आले. थायलंडने 1943 साली कायदा करून त्यावर बंदी घातली (लोक क्रेटमकडे वळले तर अफूवरचा सरकारी महसूल बुडेल, ही त्यामागची एक चिंता होती असं सांगतात) आणि 2021 मध्ये ती उठवली. आपल्या रानातला कळंब याच प्रजातीतला, पण त्यात मायट्राजायनिन हे क्रेटमचं मुख्य द्रव्य नसतं. तेव्हा हे वाचून कुणी पानं ओरबाडायला निघू नये.

घोटाळा पानापेक्षा अर्कात जास्त आहे. सांगलीकरांना हळदीवरून पटकन कळेल. आपल्या यार्डातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ते पाच टक्के. आमटीत चिमूटभर हळद पडते, त्यातून पोटात जातं ते नगण्य. तेच बाजारात 95 टक्के कर्क्युमिनची कॅप्सूल मिळते, आणि असल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हळद तीच, मात्रा वेगळी. क्रेटमच्या वाळलेल्या पानात मायट्राजायनिन एक-दोन टक्के असतं आणि 7-हायड्रॉक्सी तर नावापुरतं. पान इतकं कडू की माणूस खाऊन खाऊन किती खाणार? अर्कात तो कडूपणाचा आणि चोथ्याचा लगाम निघून जातो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे कारखान्यात मायट्राजायनिनचं ऑक्सिडीकरण करून केलेल्या 7-हायड्रॉक्सीच्या गोळ्या. गिनिपिगच्या आतड्याच्या तुकड्यावरच्या चाचणीत हे रसायन मॉर्फिनच्या सुमारे तेरा पट प्रभावी ठरलं होतं. त्याला पान म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडा किचकट आहे, पण परिचितांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आपला मेंदू वेदना दाबायला स्वतःची एंडॉर्फिन्स तयार करतो. ती पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर (संदेश टिपणाऱ्या रेणूवर) जाऊन बसतात त्याला 'म्यू' रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन, हेरॉइन, मायट्राजायनिन, 7-हायड्रॉक्सी ही सगळी मंडळी तिथेच जाऊन बसतात. कुणी रिसेप्टरला पूर्ण जोराने चालवतं, कुणी अर्धवट. क्रेटमवाली अर्धवट चालवणारी. रिसेप्टर चालू झाला की पेशीच्या आत जी-प्रोटीन हे निरोप पोहोचवणारं प्रथिन सुटतं आणि दोन कामं करतं. पोटॅशियमची वाट उघडून पेशीचा विद्युत संदेश मंदावतं, आणि अ‍ॅडिनायलेट सायक्लेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) आवर घालतं. हे विकर सायक्लिक एएमपी बनवतं, आणि हाच रेणू पेशीला कार्यरत ठेवतो. तो कमी झाला की पेशी शांत. दुखणं कमी, पोटाची हालचाल कमी, जिवाला आराम.

1975 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शैल शर्मा, वर्नर क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी एक प्रयोग केला. निरेनबर्ग म्हणजे जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल 1968 साली आपल्या हरगोविंद खुरानांबरोबर नोबेल मिळवणारे. उंदराच्या चेतापेशींच्या गाठीतली पेशी आणि घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या मेंदूतल्या गाठीतली पेशी यांचा संकर करून बनवलेल्या पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि त्यात मॉर्फिन घातलं. अपेक्षेप्रमाणे सायक्लिक एएमपी घटलं. पण मॉर्फिन तसंच ठेवल्यावर कालांतराने ते हळूहळू पूर्वपदावर आलं! पेशीने त्या विकराची ताकद वाढवून मॉर्फिनवर मात केली होती. म्हणूनच आज एका बाटलीने जे व्हायचं त्याला उद्या दोन लागतात. मग त्यांनी मॉर्फिनचा परिणाम एकदम काढून घेतला. दाब गेला, पण वाढवून ठेवलेलं विकर जागच्या जागी होतं. सायक्लिक एएमपी उसळून मूळ पातळीच्याही वर गेलं.

बशीतल्या पेशीला मन नसतं, वाईट संगत नसते, 'मनावर घेतलं तर सुटेल' असं सांगणारा काकाही नसतो. तरीही तिला विड्रॉवल, म्हणजे व्यसनाचा पदार्थ तुटल्यावरचा त्रास, झाला.

मेंदूच्या खोडात लोकस सिरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा ठिपका आहे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडायचं काम त्याचं, म्हणजे धोक्याच्या वेळी अंगावर काटा, घाम, छातीत धडधड, उडालेली झोप. या पेशींवर म्यू रिसेप्टर भरपूर असतात. व्यसन तुटलं की तिथलं सायक्लिक एएमपी उसळतं, त्यातून प्रोटीन कायनेज ए नावाचं आणखी एक विकर जागं होतं, पेशी सटासट संदेश सोडतात, आणि धोका कुठेच नसताना शरीर धोक्यात असल्यासारखं वागतं. आतड्यातल्या चेतापेशींत तेच घडतं. इतके दिवस बद्धकोष्ठ, आता जुलाब.

1978 साली येलमधल्या जॉर्ज अघाजानियन यांना उंदरांमध्ये दिसलं की क्लोनिडिन हे रक्तदाबाचं जुनं औषध या पेशींना गप्प करतं. क्लोनिडिन म्यू रिसेप्टरकडे फिरकतही नाही. त्याच पेशीवर अल्फा-2 नावाचा वेगळा रिसेप्टर आहे, त्यावर ते बसतं. पण दोन्ही रिसेप्टर आत तेच जी-प्रोटीन सोडतात, तीच पोटॅशियमची वाट उघडतात. म्हणजे अफूच्या गोत्रातलं काहीही न देता त्याच पेशीला तोच शांत व्हायचा हुकूम. मला तर ही औषधशास्त्रातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. त्याच वर्षी माणसांवरही ती लागू पडल्याचं प्रसिद्ध झालं. मायट्राजायनिन अल्फा-2 लाही चिकटतं, त्यामुळे अर्क बंद केल्यावर शरीराचे एकदम दोन आधार जात असावेत, असं मला वाटतं.

वाढवलेलं विकर कायम तसं राहत नाही. औषधाचा दाब नसला की पेशी ते कमी करत आणते. अंगदुखी-जुलाबाचा जोर बहुधा आठवडाभरात ओसरतो. जनुकांच्या पातळीवरचे बदल मात्र रेंगाळतात. झोप न लागणं, कशातच गोडी न वाटणं, मधूनच उठणारी तलफ हे आठवडे, कधी महिने चालतं. उपचार म्हणजे पेशीला हा वेळ कमी त्रासात मिळवून देणं. एक मार्ग मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा. अर्काच्या बाबतीत तो अवघड, कारण बाटलीत नेमकं किती आहे यावर लेबलाचा भरवसा धरता येत नाही. दुसरा मार्ग ब्युप्रेनॉर्फिनचा. तेही म्यू रिसेप्टर अर्धवटच चालवतं, पण घट्ट चिकटतं आणि बराच वेळ टिकतं, त्यामुळे चढउतार थांबतात. ते विड्रॉवलची लक्षणं सुरू व्हायच्या आधीच घेतलं तर आधीच्या द्रव्याला रिसेप्टरवरून उठवून लावतं आणि त्रास एका झटक्यात वाढू शकतो. क्लोनिडिनने रक्तदाब खाली जातो. म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या हातची औषधं, मित्राने पाठवायची नव्हेत.

क्रेटमच्या विक्रेत्यांचा दावा असतो की हेरॉइन सोडायला हे उत्तम. रिसेप्टर तोच, मग सुटलं काय? आपल्याकडे 'चहातून कळू न देता द्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि अमावास्येला व्यसन उतरवणारे बुवा त्याच लायकीचे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बरोबरीने 'परिवर्तन'मधून व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं, ते उगाच नाही.

परिचितांचा पुढचा मेसेज आला, "त्याला इकडे आणून महिनाभर खोलीत ठेवला तर?" मी कळवलं, कोंडू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, त्यात वीस-बावीस तासांचा विमानप्रवास नको. आधी तिथल्याच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जाऊ दे, रिकाम्या बाटल्या सोबत घेऊन, म्हणजे त्यांना अंदाज येईल. इकडे आला तर मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा, टेलिमानसचा 14416. आणि त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: महिनाभर सोडल्यावर पेशींनी विकर उतरवलेलं असतं, जुनी सहनशक्ती उरलेली नसते. पाय घसरलाच आणि पूर्वीच्याच मात्रेची गोळी घेतली, त्यात दारू किंवा झोपेची गोळी असली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. तेव्हा घसरला तर लपवू नको, त्याच दिवशी फोन कर, कुणी रागावणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.