टपालसेवेचे खासगीकरण आणि जनमत

राष्ट्रीय टपालसेवेची मालकी सरकारने आपल्याकडे ठेवावी की भागधारकांना किंवा एखाद्या उद्योगसमूहाला विकावी, या प्रश्नावर नागरिकांनी दिलेला कौल. तो मुख्यतः जनमत चाचण्यांतून, काही वेळा निवडणुकांतून आणि क्वचित सार्वमतातून व्यक्त झाला आहे. जपानचा मोठा अपवाद सोडला, तर प्रश्न थेट विचारला गेल्यावर बहुधा विरोधाचेच पारडे जड राहिले. तरीही १९९० नंतर जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, पोर्तुगाल या देशांत टपालसेवा विकल्या गेल्या. विरोध असतानाही विक्री पार पडते याचे कारण त्या विरोधाच्या स्वरूपातच आहे. टपालखात्याचा मालक कोण, याचा विचार माणूस सहसा करत नाही; पोस्टमन दारापर्यंत येतो का आणि जवळचे पोस्ट उघडे आहे का, एवढेच तो पाहतो. चाचणीत मालकीबद्दल विचारले, तरी उत्तर देताना त्याच्या डोळ्यांपुढे दारच असते.

संज्ञांचा घोळ

‘खासगीकरण’ हा शब्द निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सरकारी खात्याची सरकारच्याच मालकीची कंपनी करणे, पत्रवाटपाची मक्तेदारी उठवून इतरांना धंदा खुला करणे, पोस्टाची खिडकी एखाद्या दुकानदाराला कमिशनवर चालवायला देणे आणि कंपनीचे समभाग प्रत्यक्ष विकणे. न्यूझीलंडने पहिली गोष्ट १९८७ मध्ये केली, दुसरी १९९८ मध्ये. समभाग मात्र विकले नाहीत. पण ५ फेब्रुवारी १९८८ या एका दिवसात तिथली ४३२ पोस्टे बंद झाली, तेव्हा टपालसेवा पूर्णपणे सरकारच्याच मालकीची होती. युरोपीय संघाच्या १९९७ आणि २००८ च्या निर्देशांनी सदस्य देशांना टपालाची बाजारपेठ खुली करायला लावली. टपालसेवा विकून टाका असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र हे सारे एकाच पिशवीत पडते.

ब्रिटनमध्ये घोळ आणखी वाढतो. पत्रे वाटणारी रॉयल मेल आणि खिडक्या चालवणारी पोस्ट ऑफिस ही कंपनी २०१२ मध्ये वेगळ्या झाल्या. विकली गेली ती पहिली. होरायझन या सदोष संगणकप्रणालीच्या नोंदींवर विसंबून शेकडो उपपोस्टमास्तरांना चोर ठरवणारी दुसरी संस्था सरकारी होती आणि आजही आहे. हे प्रकरण खासगीकरणाच्या वादात दोन्ही बाजूंनी ओढले जाते, आणि दोन्ही बाजूंना ते नीट लागू पडत नाही.

एकसमान दर आणि शेवटचे घर

भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी टपालसेवा हा विकायला अवघड धंदा आहे, आणि त्याचे मूळ १८४० पर्यंत मागे जाते. त्याआधी ब्रिटनमध्ये पत्राचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला तो भरावा लागे. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये हिशेब मांडला, की लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र नेण्याचा निव्वळ वाहतूकखर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग एवढाच येतो. खर्च अंतराचा नव्हताच. तो पत्र घेणे, लावणे, वाटणे आणि पैसे वसूल करणे यांचा होता. त्यातून देशभर एकच दर आणि आगाऊ तिकीट ही पद्धत आली. शहरातल्या गल्लीतले पत्र आणि डोंगरापलीकडच्या एकट्या घराचे पत्र एकाच तिकिटावर जाऊ लागले, म्हणजे पहिल्याच्या नफ्यातून दुसऱ्याचा तोटा भरून निघू लागला. यालाच आज सार्वत्रिक सेवेचे बंधन म्हणतात. युरोपीय संघाच्या नियमांत त्याचा किमान अर्थ आठवड्यातून पाच दिवस गोळा करणे आणि पाच दिवस वाटप असा आहे.

हिलचा हिशेब अजून खरा आहे. पोस्टमनच्या थैलीत एका रस्त्याची पन्नास पत्रे असोत वा पाच, त्याला तो रस्ता चालावाच लागतो. पत्रे घटली की चालणे तेवढेच राहते आणि प्रत्येक पत्रामागचा खर्च चढतो. खासगीकरणाचे समर्थक यावरून म्हणतात, की खात्याला भांडवल आणि मोकळीक हवी, नाहीतर तोटा करदात्याच्या गळ्यात पडेल. विरोधकही याच आकड्यांवरून म्हणतात, की नफा पाहणारा मालक आधी ते डोंगरापलीकडचे घर वगळेल. दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद कोणत्याही देशात कधी पुरता मिटत नाही.

ब्रिटन : विरोधही, खरेदीही

जवळजवळ सगळे विकायला काढणाऱ्या मार्गारेट थॅचर टपालाला हात लावायला धजावल्या नाहीत. ‘राणीच्या मस्तकाचे खासगीकरण’ त्यांना नको होते, असे सांगतात. (ब्रिटिश तिकिटांवर देशाचे नाव नसते, राजमुद्रा म्हणून फक्त राजाचे किंवा राणीचे मस्तक असते, त्या उद्गाराची धार त्यात आहे.) १९९४ मध्ये मायकेल हेसेल्टाइन यांची योजना स्वपक्षाच्याच खासदारांमुळे बारगळली. २००९ मध्ये मजूर पक्षाचे पीटर मँडेलसन यांनी काही हिस्सा विकण्याचा बेत केला, तोही गुंडाळावा लागला. ग्रामीण मतदारसंघांतल्या खासदाराला पोस्टाबद्दल येणारी पत्रे हा यातला मोठा धाक होता.

२०११ च्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये विक्री झाली. त्या उन्हाळ्यात यूगव्हच्या चाचणीत सुमारे दोनतृतीयांश लोक विरोधात होते, बाजूने एकपंचमांश. कर्मचारी संघटनेच्या मतदानात ९६ टक्क्यांनी विरोध नोंदवला. आणि तरीही समभाग खुले झाले तेव्हा सामान्य गुंतवणूकदारांची मागणी उपलब्ध समभागांच्या अनेक पट निघाली. सुमारे ६ लाख ९० हजार अर्जदारांना प्रत्येकी २२७ समभाग मिळाले; ३३० पेन्स दराने त्यांची किंमत झाली ७४९ पौंड १० पेन्स. दहा हजार पौंडांहून मोठा अर्ज करणाऱ्याला एकही मिळाला नाही. पहिल्याच दिवशी भाव ४५५ पेन्सवर बंद झाला, म्हणजे ३८ टक्के वर. दहा टक्के समभाग कर्मचाऱ्यांना फुकट द्यायचे होते, पण निदान तीन वर्षे ते विकायचे नाहीत अशी अट होती. सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांपैकी ते नाकारणारे काहीशेच निघाले.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. विक्री व्हावी का, हा एक प्रश्न. ती होणारच असेल तर त्यात आपला वाटा असावा का, हा दुसरा. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यात विसंगती नाही.

विक्रीनंतर रोष मालकीवरून किमतीकडे वळला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१४ च्या अहवालात सरकारने सावधपणापायी करदात्याचा फायदा गमावल्याचे म्हटले. दीर्घकाळ टिकतील या आशेने निवडक सोळा गुंतवणूकदारांना प्राधान्याने जे समभाग दिले होते, त्यांतले जवळजवळ निम्मे काही आठवड्यांतच विकले गेले होते. ‘आमचे स्वस्तात दिले’ ही तक्रार ‘आमचे दिले’ या तक्रारीपेक्षा जास्त काळ टिकली. त्यानंतर पत्रे वेळेवर न पोहोचल्याबद्दल नियामक ऑफकॉमने दंड लावले : २०२३ मध्ये ५६ लाख पौंड, २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख, २०२५ मध्ये २ कोटी १० लाख. मजूर पक्षाने २०१७ आणि २०१९ च्या जाहीरनाम्यांत पुन्हा राष्ट्रीयीकरणाचे वचन दिले. ते कलम लोकप्रिय होते, पण पक्ष दोन्ही निवडणुका हरला. डिसेंबर २०२४ मध्ये चेक उद्योगपती डॅनियल क्रेटिन्स्की यांना रॉयल मेलची मूळ कंपनी घ्यायला मंजुरी मिळाली, तीही याच पक्षाच्या सरकारकडून. सौद्याची रक्कम होती सुमारे ३६० कोटी पौंड. नकाराधिकार देणारा एक विशेष समभाग सरकारने स्वतःकडे ठेवला.

जपान : टपालावर लढलेली निवडणूक

टपाल हाच मुख्य मुद्दा करून निवडणूक जिंकल्याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे. जपानचे टपालखाते म्हणजे केवळ पत्रे नव्हती. बचत आणि विमा मिळून सुमारे ३५० लाख कोटी येन त्याच्याकडे होते, आणि सुमारे २४,७०० पोस्टांपैकी बहुसंख्य पोस्टे ज्या स्थानिक पोस्टमास्तरांकडे होती, ते सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची गावोगावची मते सांभाळत. पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी स्वपक्षाचाच हा खांब कापायला निघाले होते. जुलै २००५ मध्ये कनिष्ठ सभागृहात विधेयक २३३ विरुद्ध २२८ असे जेमतेम तरले. पक्षाच्या ३७ सदस्यांनी उघड विरोधात मत दिले. ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने ते १२५ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळले. कोइझुमींनी त्याच दिवशी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, बंडखोरांना उमेदवारी नाकारली आणि त्यांच्यासमोर नवे, नावाजलेले चेहरे उभे केले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मारेकरी’ म्हटले.

तोवर चाचण्यांमध्ये मतदारांची पहिली काळजी निवृत्तिवेतनाची होती, टपालाचा नंबर खाली लागत असे. कोइझुमींनी प्रश्नच बदलला : तुम्ही सुधारणेच्या बाजूने की जुन्या हितसंबंधांच्या? ११ सप्टेंबरला त्यांच्या पक्षाला ४८० पैकी २९६ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये विधेयक मंजूर झाले. हा कौल टपालावर होता असे म्हणताना जपून राहावे. २००९ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने समभागविक्री थांबवली, तेव्हा त्याविरुद्ध लोकलाट उठली नाही. शेवटी समभाग नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आले, आणि मूळ कंपनीत एकतृतीयांशाहून अधिक वाटा सरकारकडे राहील अशी तजवीज कायद्यातच ठेवली गेली.

मतपेटीत थेट प्रश्न

स्वित्झर्लंडमध्ये २६ सप्टेंबर २००४ रोजी ‘सर्वांसाठी टपालसेवा’ या प्रस्तावावर सार्वमत झाले. तो विक्रीबद्दल नव्हता. देशभर पोस्टांचे जाळे राखावे आणि लागेल तो खर्च संघराज्याने सोसावा, अशी मागणी होती. ५०.२ टक्क्यांनी ती फेटाळली. पोस्ट सर्वांनाच हवे असते, पण बिल कोण भरणार हे प्रश्नात लिहिले की देशाचे बरोबर दोन भाग पडतात. खासगीकरणाच्या चाचण्यांत हा खर्चाचा भाग बहुधा नसतो, त्यामुळे त्यांतला विरोध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो.

फ्रान्समध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये संघटना आणि डाव्या पक्षांनी स्वतःच मतदान भरवले. त्याला कायदेशीर आधार नव्हता. नगरभवनांसमोर, पोस्टांसमोर पेट्या मांडल्या होत्या. २० लाखांहून अधिक लोक आले आणि जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला. मात्र प्रश्न असा होता : सरकारला टपालसेवेचे खासगीकरण करण्यासाठी तिचा दर्जा बदलायचा आहे, तुम्हाला हे मान्य आहे का? सरकार म्हणत होते, खासगीकरण करायचेच नाही. २०१० मध्ये टपालसेवा कंपनी झाली, पण भांडवल सार्वजनिकच राहील असे कायद्यात लिहूनच. हे मतदान हास्यास्पद ठरवणाऱ्यांनी या कलमाकडेही पाहावे.

अमेरिकेत टपालसेवेवरचा विश्वास हीच राजकीय भिंत आहे. प्यू संस्थेच्या २०२० च्या चाचणीत ९१ टक्के लोकांचे टपालसेवेबद्दल अनुकूल मत होते, आणि रिपब्लिकन व डेमोक्रॅट यांत फरक नव्हता. २०१८ मध्ये व्हाइट हाउसच्या पुनर्रचना आराखड्यात खासगीकरणाची वाट सुचवली होती. ती पुढे सरकली नाही. शेतावरच्या घरापर्यंत मोफत वाटप तिथे १८९६ पासून सुरू झाले, आणि अशा मतदारसंघांचे प्रतिनिधी एरवी कितीही बाजारवादी असले तरी या बाबतीत सावध असतात.

जर्मनीत कुरबुर कमी झाली. १९९४ मध्ये त्यासाठी राज्यघटनाच बदलावी लागली, म्हणजे मोठ्या विरोधी पक्षाचीही संमती घ्यावी लागली. देशभर पुरेशी सेवा देण्याची हमी घटनेत गेली आणि सरकारी नोकर म्हणून आधीच रुजू असलेल्यांचे हक्क शाबूत राहिले. समभाग २००० मध्ये बाजारात आले, पत्रांची मक्तेदारी २००७ अखेर संपली. अर्जेंटिनात उलट झाले : १९९७ मध्ये टपाल तीस वर्षांच्या कराराने माक्री उद्योगसमूहाला दिले गेले, ठरलेले शुल्क थकत गेले आणि २००३ मध्ये नेस्तोर किर्चनर यांच्या सरकारने करार मोडून सेवा परत घेतली.

मालकी न बदलता

डेन्मार्कच्या उदाहरणाने या वादाची जुनी मांडणी विस्कटली आहे. तिथली पोस्टनॉर्ड ही कंपनी डेन्मार्क आणि स्वीडन या दोन सरकारांच्या मालकीची. २००० पासून तिथल्या पत्रांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, आणि नव्या टपाल कायद्याने २०२४ पासून सार्वत्रिक सेवेचे बंधन उठवले. २०२५ मध्ये रस्त्यांवरच्या सुमारे १,५०० लाल पेट्या काढायला सुरुवात झाली. वर्षअखेरीस, १६२४ पासून चालत आलेले पत्रवाटप सरकारी मालकीच्या कंपनीनेच थांबवले. तेव्हापासून डेन्मार्कमध्ये पत्रे वाटते ती डाओ ही खासगी कंपनी.