नाण्याखालचा पांढरा गोल

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या बालवाङ्मय पुरस्कारासाठी यंदा विज्ञानाची पुस्तकं वाचायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेक पुस्तकांत न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडत होतं. (त्याने सफरचंद पडताना पाहिलं, एवढंच त्याच्या परिचितांनी लिहून ठेवलंय. डोक्यावर आपणच पाडलं.) शेवटी निवडलं ते 64 पानांचं, दिसायला अगदी साधं पुस्तक. ते का, तर त्यातल्या एका पानासाठी. त्यावर एवढंच होतं : आजचं वर्तमानपत्र उन्हात ठेव, त्यावर रुपयाचं नाणं ठेव, आठ दिवस हलवू नकोस. काय होईल ते सांगितलेलंच नव्हतं.

निकाल कळवण्याआधी खात्री करावी म्हणून माझ्या भाचीला कामाला लावलं. घंटाळीच्या घराची बाल्कनी, ऑक्टोबरचं कडक ऊन. शेजारी तिच्या वहीचं एक पानही ठेवलं, ही तिचीच भर. आठव्या दिवशी नाणं उचललं. खाली स्वच्छ गोल, बाकी कागद चहा सांडल्यासारखा. वहीच्या पानाला मात्र फारसं काहीच झालं नव्हतं.

"मामा, उन्हाने भाजला असेल तर काळा पडायला हवा. पिवळा का?"

प्रश्न रास्त होता. लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. झाड ताठ उभं राहतं त्यात लिग्निनचा वाटा मोठा. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद करताना लाकूड भरडून लगदा करतात, त्यामुळे लिग्निन आतच राहतं. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याची मोडतोड करतात आणि जी नवी संयुगं तयार होतात ती निळा प्रकाश गिळतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की डोळ्याला उरतो पिवळा. म्हणजे हे भाजणं नव्हेच. वहीच्या कागदाचा लगदा रसायनांत शिजवून त्यातलं लिग्निन काढून टाकलेलं असतं, म्हणून तो टिकला.

पण कपाटातल्या पुस्तकांना ऊन कुठे लागतं? तरी ती पिवळी पडतातच, वर तुकडे पडतात ते वेगळंच. तिथे गुन्हेगार दुसरा आहे. पूर्वी कागद सुती चिंध्यांपासून व्हायचा, तो शतकानुशतकं टिकला. एकोणिसाव्या शतकात चिंध्या पुरेनात आणि लाकडाचा लगदा आला. त्याच्या आधीच, 1807 मध्ये, मॉरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालायची पद्धत छापून प्रसिद्ध केली होती. कागद गिरणीतली ही तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. दमटपणात त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतं. पान दुमडलं की कडकन तुटतं ते त्यामुळे.

आता आपल्या गावाकडे पाहा. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं 1893 साली, म्हणजे नेमका या आम्लधारी कागदाच्या भरात. त्यात शेजारी खाडी आणि चार महिन्यांचा पाऊस. ओल आणि उष्णता, दोन्ही ही क्रिया पळवतात. शिवाय दमट जागा कसरीलाही मानवते; बांधणीतली खळ हा तिचा आवडता खाऊ. इथल्या ग्रंथपालांनी जुनी पुस्तकं कशी सांभाळली असतील याचं मला खरंच नवल वाटतं.

जुन्या पुस्तकांचा वास आवडतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो या झिजण्याचाच वास. लिग्निन मोडताना व्हॅनिलासारख्या वासाचं व्हॅनिलिनही सुटतं. लंडनमधल्या मातिया स्ट्रलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की कागदातून सुटणाऱ्या अशा वायूंवरून, पानाला हात न लावता, त्याची तब्येत जोखता येते. नाक खुपसून पुस्तक हुंगणारा वाचक नकळत तेच करत असतो म्हणा.

हे सगळं मी भाचीला एका दमात सांगितलं नाही. तिला त्यातलं नाणं तेवढं पुरलं. आठवडाभर तिने किल्ली, कंगवा, आजीची जपमाळ असं मिळेल ते वर्तमानपत्रावर ठेवून पाहिलं.

पुरस्कार झाला. मानपत्राचं कार्ड लावून ते पुस्तक वाचनालयाच्या दर्शनी काचेच्या कपाटात ठेवलं, बरोबर तेच पान उघडून. कपाट पश्चिमेला. साध्या काचेतून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात आणि पुस्तक छापलेलं होतं स्वस्त, वर्तमानपत्री कागदावर. मी फोटो काढत होतो. भाची काचेला नाक लावून उभी.

"मामा, यांनी पण प्रयोग लावलाय," ती म्हणाली. "कार्ड उचलतील तेव्हा चौकोन दिसेल."