सुट्या डायलची परीक्षा : नाव आधी वाचू नये

विदर्भातल्या एखाद्या आठवडी बाजारात घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत मोडीत निघालेल्या घड्याळांचे भाग पडलेले असतात आणि त्यांतून कधीतरी ओमेगा किंवा रोलेक्स असे नाव मिरवणारी सुटी डायल हाती येते. घड्याळाचे बाहेरचे कवच नाही, मशीन नाही, कागदपत्रे तर नाहीतच. अशा वेळी माणूस आधी नाव वाचतो. माझ्या मते ते सर्वांत शेवटी वाचावे, कारण अक्षरे छापणे हीच नकलेतली सोपी बाब आहे. शिवाय आपल्या देशात जुन्या डायलवरचा रंग उतरवून ती नव्याने रंगवण्या-छापण्याचा धंदा फार जुना आहे.

तासांच्या खुणांवरचा, अंधारात चमकणारा रंग मात्र सहसा खोटे बोलत नाही. साधारण 1960 च्या दशकापर्यंत त्यात किरणोत्सारी रेडियम आणि त्याच्या किरणांनी चमकणारे झिंक सल्फाइड असे. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, 1600 वर्षे असल्यामुळे 1950 च्या डायलमधले रेडियम आजही जवळजवळ तेवढेच आहे. पण त्याच्या किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक खराब होतात, म्हणून डायल चमकत नाही आणि किरणोत्सार मात्र चालूच राहतो. पुढे रेडियमच्या जागी ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन आला आणि डायलच्या तळाशी 6 च्या जवळ ‘टी’ हे अक्षर छापले जाऊ लागले. त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षे, म्हणजे 1975 च्या डायलमध्ये आता जेमतेम 6 टक्के ट्रिटियम शिल्लक असणार. आजचा रंग वेगळाच आहे : जपानच्या नेमोटो कंपनीने 1993 मध्ये आणलेला, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा, उजेड साठवून तो तासन्‌तास परत देणारा.

आता कापसाच्या अडत दुकानात नोटा तपासायला ठेवलेला जांभळा दिवा घ्यावा, अंधाऱ्या खोलीत तो डायलवर धरावा आणि विझवावा. ट्रिटियमच्या जुन्या खुणा उजळल्या तरी सहसा लगेच मंदावतात. ‘टी’ छापलेली डायल अर्ध्या तासानंतरही हिरवी झळकत असेल, तर अक्षरे एक काळ सांगत आहेत आणि रंग दुसरा. एवढ्याने ती डायल नकली ठरत नाही, खुणा नंतर भरल्या असू शकतात. पण मूळ स्थितीतली म्हणून तिचे पैसे मोजू नयेत.

मग दहापट भिंगाखाली छपाई पाहावी. चांगल्या कारखान्यात कोरलेल्या पाटीवरची शाई मऊ सिलिकॉनच्या ठोकळ्याने उचलून डायलवर टेकवतात, त्यामुळे अक्षर किंचित उठावदार आणि कडेला रेखीव दिसते. पुन्हा छापलेल्या डायलवर शाई कडेला पसरलेली असते, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत आणि तळाचे ‘स्विस’ कधी सरकलेले, कधी गायबच असते.

डायल उलटी करायला बहुतेक जण विसरतात. मागचे दोन बारीक पाय विशिष्ट मशीनच्या भोकांतच बसतात. ते कापलेले, नव्या डाखाचे किंवा चिकटपट्टीने भागवलेले असतील, तर ती डायल दुसऱ्याच मशीनवर बसवली गेली असावी. हेही नकलीपणाचे सिद्ध प्रमाण नव्हे, कारण गावाकडे अस्सल डायलचाही असा जुगाड होतो.

रेडियमची शंका असलेली डायल नखाने वा चाकूने कधीही खरवडू नये, कारण खरा धोका तिची धूळ श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा असतो. अशी डायल बंद पिशवीत ठेवावी आणि हात धुवावेत.