पीपीसी, ५३ ग्रेड आणि 'राखेचं सिमेंट': एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

स्लॅबची तारीख ठरली की दुकानात आणि साइटवर तेच प्रश्न फिरू लागतात. ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) घ्यायचं की पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट)? ४३ ग्रेड पुरेल की ५३च हवं? पीपीसीत राख असते म्हणे, मग ते स्लॅबला चालतं की नुसतं गिलाव्याला? पाणी किती दिवस मारायचं? गवंडी एक सांगतो, इंजिनिअर दुसरं, आणि नुकतंच घर बांधून मोकळा झालेला शेजारी तिसरंच. या सगळ्यात राखेबद्दलचा संशय सर्वांत चिवट. तो समजून घ्यायचा तर सिमेंटच्या आधीच्या चुन्यापासून सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. सिमेंटला लागतो तसा चुनखडक मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला. मग देशावरचे वाडे, घाट, किल्ले बांधले कशात? काळ्या जमिनीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे पांढुरके खडे मिळतात, ते वेचून भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे आणि वाळू घालून घाण्यात मळायचे. घाणा म्हणजे दगडात बांधलेला गोल चर आणि त्यात बैलांनी फिरवायचं जड दगडी चाक. केंजळगडासारख्या किल्ल्यांवर चुन्याचे घाणे आजही दाखवतात. मळताना गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायची रीत होती. या गुळाबेलफळाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, पण खरी करामत खड्यांतच होती. चुनखडीचा खडा शुद्ध नसतो, त्यात माती असते. शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, पाण्याखाली मात्र तसाच लिबलिबीत राहतो. मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भाजताना चुन्याशी जोडली गेली, तर तोच चुना पाण्यातही दगडासारखा होतो. कोकणात आणि गोव्यात चुना शिंपल्यांचा. तो पांढराशुभ्र, जवळजवळ शुद्ध, म्हणून विहीर-हौदासारख्या ओल्या जागी त्याला सुरखीची, म्हणजे भाजलेल्या विटांच्या पुडीची जोड लागते.

हीच युक्ती रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी वापरली. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख ते चुन्यात मिसळत. त्या गावावरूनच असल्या पदार्थांना 'पोझोलाना' नाव पडलं, आणि पीपीसीतला मधला 'पी' तोच. ४३ मीटर व्यासाचा पॅन्थिऑनचा घुमट लोखंडाची सळई न घालता आजही उभा आहे. आपल्याकडे १८९५ साली पुरं झालेलं मुल्लपेरियार आणि १९३१ सालचं कृष्णराजसागर ही दोन्ही धरणं चुना-सुरखीत बांधलेली. थोडक्यात, चुन्यात राख किंवा भाजकी माती घालणं हा बांधकामाचा जुना राजमार्ग आहे. निव्वळ, काहीही न मिसळलेलं सिमेंट ही अलीकडची गोष्ट.

ती कशी आली? १७५६ साली जॉन स्मीटन या इंग्लिश इंजिनिअरकडे प्लिमथजवळच्या समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधायचं काम आलं. लाटा सतत आदळणार, म्हणजे पाण्यात घट्ट होणारा चुना हवा. त्याने ठिकठिकाणचे चुनखडक भाजून पाहिले आणि ज्या दगडात माती जास्त त्याचा चुना पाण्यात टिकतो हे दाखवून दिलं. पुढे त्यात इटलीहून आणलेला पोझोलाना घालून त्याने दीपगृह उभं केलं. मग ही माती निसर्गाच्या भरवशावर न सोडता मोजून मिसळण्याचे प्रयत्न सुरू झाले. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ साली त्याचं पेटंट घेतलं. घट्ट झालेला माल पोर्टलंड बेटावरच्या नावाजलेल्या इमारती दगडासारखा दिसतो, म्हणून नाव पोर्टलंड सिमेंट. नाव म्हणजे निव्वळ जाहिरात होती, पण ती दोनशे वर्षं टिकली. खरं तर अ‍ॅस्पडिनची भट्टी आजच्या मानाने कमी तापायची. १८४० च्या दशकात त्याचा मुलगा विल्यम आणि आयझॅक जॉन्सन यांनी आंच वाढवली, तेव्हा कुठे आजचं सिमेंट जन्मलं. आता भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला चुनखडक आणि माती अर्धवट वितळून काळपट गोळे होतात. ते क्लिंकर. ते थोड्या जिप्समसह दळलं की ओपीसी तयार. जिप्सम नसेल तर घमेल्यातला माल पसरायच्या आतच आवळून जाईल.

भारतात १९०४ साली मद्रासला शिंपल्यांपासून सिमेंट करायचा प्रयत्न झाला, तो फसला. टिकाऊ सुरुवात १९१४ सालची, पोरबंदरला. पाठोपाठ कटनी आणि लाखेरीचे कारखाने निघाले. पहिल्या महायुद्धात आयात आटली आणि इथला माल सरकारनेच उचलला. युद्धानंतर मात्र इतके कारखाने निघाले की मागणीपेक्षा माल जास्त झाला. कारखाने बंदरांपासून दूर, त्यामुळे मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात विलायती सिमेंटशी टक्कर, शिवाय आपापसांत दरयुद्ध. त्यातून कंपन्या एकत्र यायला लागल्या. १९२५ साली संघटना, १९२७ साली लोकांना काँक्रीट वापरायला शिकवणारी काँक्रीट असोसिएशन, १९३० साली सामायिक विक्री, आणि शेवटी १९३६ साली टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या चार गटांच्या दहा कंपन्या मिळून एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज. हे जमवण्यात दिनशॉंचा मोठा वाटा, पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते वारले.

मुंबईला तोवर काँक्रीट ओळखीचं झालं होतं. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी आरसीसीच्या. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या गोल सज्ज्यांच्या इमारती त्यापुढच्या. असा सज्जा नुसत्या वीट-चुन्यात निघतच नाही.

आता संशयाकडे. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारचं नियंत्रण आलं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते कमीजास्त रूपात चालू राहिलं. धरणं, कारखाने, सरकारी वसाहती यांना आधी, घर बांधणाऱ्याला उरलं तर. भाव बांधलेला, म्हणून नवे कारखाने काढायला कुणी धजावेना. माल कमी, म्हणून परमिट. परमिट, म्हणून काळाबाजार. आणि काळाबाजार आला की भेसळ येतेच. गोणीत राख किंवा दगडाची पूड मिसळल्याच्या तक्रारी तेव्हा नित्याच्या होत्या. परमिटासाठी हेलपाटे घालून मिळालेली गोणी घरी आणून चिमटीत चोळून पाहायची सवय त्या पिढीला लागली ती यामुळे.

परमिटाची ताकद किती, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी बिल्डरांना दिलेल्या सिमेंटच्या कोट्याचा संबंध त्यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्यांशी आहे, असा निष्कर्ष जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी काढला आणि अंतुले यांना पद सोडावं लागलं. फौजदारी खटला पुढे कित्येक वर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजत राहिला. योगायोग असा की त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं. ठरावीक हिस्सा 'लेव्ही' म्हणून बांधलेल्या भावात द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात. १ मार्च १९८९ ला लेव्हीही गेली.

पीपीसी या टंचाईच्या काळातही निघत होतं. त्याचं भारतीय मानक पहिल्यांदा १९६२ साली आलं. पण ज्या काळात 'राख' हा शब्द भेसळीशी जोडलेला, त्याच काळात राखेचं सिमेंट बाजारात, मग लोकांनी दोन्ही एकाच तागडीत तोलली. माझ्या मते आजचा संशय हा त्या गोणीचा वारसा आहे. बाजार खुला झाल्यावर कंपन्यांनी ग्रेडच्या आकड्यांवर जाहिराती केल्या. ५३ ग्रेडचं मानक १९८७ सालचं. आकडा मोठा म्हणजे माल भारी, हे गणित सगळ्यांना पटलं. प्रत्यक्षात ४३ किंवा ५३ म्हणजे एकास तीन प्रमाणात ठरावीक वाळू घालून केलेल्या छोट्या ठोकळ्याने २८ दिवसांनी किती मेगापास्कल दाब सोसला पाहिजे, तो आकडा. ५३ लवकर ताकद धरतं, उष्णताही जास्त सोडतं. प्रीकास्ट खांब, रेल्वेचे स्लीपर, पुलांचे गर्डर यांना ते हवंच, कारण तिथे साचा लवकर मोकळा करायचा असतो. गिलाव्याला ते वापरलं तर पैसे देऊन भेगा विकत घेतल्यासारखं.

पीपीसीतली राख नेमकं काय करते, हे पाहण्यासारखं आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत मोकळा चुना सुटतो. तो ताकद वाढवत नाही, उलट पाण्याबरोबर झिरपून बाहेर येतो. गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात ते बहुतेक त्याचेच. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली बारीक राख या चुन्याशी जुळते आणि त्याचा पुन्हा बांधणारा पदार्थ बनवते. मानकानुसार ही राख १५ ते ३५ टक्के. काँक्रीट जास्त घट्ट होतं, पाणी कमी शिरतं. पण क्रिया सावकाश चालते आणि तिला ओल लागते. म्हणूनच आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगितलंय, आणि राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर १० दिवस. ठेकेदार तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाइप गुंडाळतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि बोल राखेला लागतो.

राखेचा पुरवठाही आता दाराशी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरला चुनखडक आणि कारखाने, कोळसा तिथलाच, आणि शेजारी सरकारी महानिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं औष्णिक वीज केंद्र. सोलापूरजवळ होटगीला तर भट्टीच नाही. क्लिंकर कलबुर्गीकडून येतं आणि इथे फक्त दळण होतं. लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून केलेलं पीएससी (पोर्टलंड स्लॅग सिमेंट) हा याच कुळातला प्रकार. खाऱ्या हवेत सळई गंजायला लावणारे क्षार ते आत सहज शिरू देत नाही, म्हणून कोकण किनाऱ्यावर त्याचा विचार जरूर करावा. पांढऱ्या सिमेंटची गोष्ट वेगळी. त्यात लोह जवळजवळ नसतं एवढंच, रंग सोडला तर कूळ तेच.

कारखान्यांना आज राख हवी आहे त्यामागे आणखी एक कारण आहे. चुनखडक भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, इंधनाचा धूर वेगळाच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के सिमेंटच्या नावावर आहे. क्लिंकर कमी करणं हाच त्यावरचा सोपा उपाय. एलसी३ या नव्या प्रकारात क्लिंकर निम्म्यावर आणलंय. बाकीचा मोठा भाग भाजलेली माती, थोडा न भाजलेला चुनखडक आणि जिप्सम. आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रासमध्ये त्यावर बरंच काम झालं, आणि २०२३ साली त्याला भारतीय मानकही मिळालं. नाव नवं आहे. वस्तू सुरखीच्याच घराण्यातली.

दुकानात उभं असताना ग्रेडपेक्षा गोणीवरचा आठवडा आणि वर्ष आधी वाचावं. तीन महिन्यांहून जुना माल पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये असा दंडक आहे, आणि पावसाळ्यात दमट गोदामात पडलेल्या गोणीला तेवढेही दिवस लागत नाहीत. बोटांनी न फुटणारे गोळे झाले असतील, तर ते ५३ असो की पीपीसी, परत करावं.