जुन्या बुलेटमधला विजेचा बिघाड कसा शोधावा : पॉइंटवाल्या गाड्यांच्या मालकांसाठी

आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पुष्कळ जुन्या बुलेटचं निदान रस्त्यातच होऊन गेलेलं असतं: ‘कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली.’ मग कॉइल नवी, कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा) नवा, कधी बॅटरीसुद्धा नवी, आणि गाडी तरीही पाच किलोमीटरवर बंद. खरं कारण बहुतेक वेळा एखाद्या सैल लगमध्ये (वायरच्या टोकाची धातूची कडी) नाहीतर गंजलेल्या अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हचा चॅसी-इंजिनाशी असलेला जोड) असतं. तपासल्याशिवाय पार्ट बदलू नका, एवढ्याचसाठी हे पत्रक काढलं आहे. कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाला गिअर असलेली, 12 व्होल्टची पॉइंटवाली (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली) बुलेट 350 डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. साधा मल्टीमीटर जवळ असेल तर यातलं बरंचसं घरी करता येतं.

आधी अ‍ॅम्पिअरचा काटा बघा

हेडलाइटच्या वर बसवलेला अ‍ॅम्पिअर मीटर बरेच जण शोभेचा समजतात. आमच्या मते गाडीवरचं सर्वांत कामाचं उपकरण तेच. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, किल्ली चालू करा. लाइट बंद असू द्या. आता डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून किक अगदी सावकाश खाली न्या. पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे थोडा सरकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर परत येतो. काटा असा हलत असेल तर किल्ली, फ्यूज आणि पॉइंटपर्यंतची वायर शाबूत आहे.

काटा मध्यावरून हललाच नाही, तर कॉइलमधून करंट जात नाही. फ्यूज, किल्लीचा स्विच, पॉइंटवरची काजळी या क्रमाने बघा. उलट किक कितीही फिरवली तरी काटा वजातच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची वायर नाहीतर कंडेन्सर बॉडीला शॉर्ट आहे. किल्ली फिरवताच काटा वजाच्या टोकाला आदळला तर लगेच बंद करा. कुठेतरी वायर चॅसीला लागली आहे. चालत्या गाडीत काटा दोन्हीकडे झटके मारू लागला की जोड सैल आहे, हे धरून चाला. मीटरच्या मागचे नटही बघा, कारण गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यांतूनच जातो.

तपासणी झाली की किल्ली बंद करायला विसरू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर उभ्या गाडीतही कॉइल तापत राहते आणि शेवटी खरोखरच जळते.

बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसली तर पूर्ण चार्ज आहे. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग, मग बाकीचं. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा वाढतच नसेल तर अल्टरनेटरच्या वायरी आणि रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करणारा) तपासावे लागतील. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) काम करत नाही. बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीचं पाणी लवकर आटतं ते यामुळेच. बॅटरी काढून गाडी चालवू नका. व्होल्टेज बेसुमार वाढून बल्ब आणि रेक्टिफायर दोन्ही जाऊ शकतात.

बॅटरी उगाच उतरत असेल तर किल्ली चालू करून मागचा लाल दिवा बघा. मागच्या ब्रेकचा स्विच अडकला की 21 वॉटचा बल्ब सगळ्या प्रवासभर जळत राहतो आणि पुढे बसलेल्याला ते कळतही नाही.

अर्थिंग

यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. हौसेने रिस्टोअर केलेल्या गाड्यांत तर हमखास. चॅसीला सुंदर पावडर कोटिंग होतं, पण अर्थच्या वायरचा लग त्या रंगावरच आवळला जातो आणि रंगातून करंट जात नाही. मग हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकतो. हेडलाइट लावून मल्टीमीटरची एक पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर लगखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. खर्च जवळपास शून्य.

पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटचं अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर, तेही फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजून. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर त्यांत स्वच्छ कोरा कागद ओढून काढा. तेलाचा पुसट थरही स्पार्क बिघडवतो. किक मारताना पॉइंटवर मोठ्या निळसर ठिणग्या उडत असतील आणि ते लवकर जळत असतील तर कंडेन्सरचा संशय घ्या. थंड असताना चालते, तापली की बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू, ही तक्रार कंडेन्सरची किंवा कॉइलची. गाडी तापलेली आणि बंद असतानाच स्पार्क बघितला तर दोष सापडतो. प्लग इंजिनाला टेकवून, पेट्रोलपासून लांब बघा.

पावसात बंद पडणाऱ्या गाडीची प्लगची टोपी आणि पॉइंटच्या झाकणातली ओल आधी पुसा.

नंतर जोडलेल्या वस्तू

60/55 वॉटचा हॅलोजन, फॉग लॅम्प, मोठे हॉर्न: जुन्या अल्टरनेटरला हे सगळं एकदम झेपत नाही. बसवायचंच असेल तर रिले आणि वेगळा फ्यूज घ्या. आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही गुंडाळू नका. त्याने फ्यूज वाचतो, वायरिंग जळतं. पेट्रोलची टाकी त्याच वायरिंगच्या वर आहे.

गाडी आमच्याकडे आणताना एवढं लिहून आणा: गाडी थंड होती की तापलेली, लाइट चालू होते का, काटा कुठे होता, अलीकडे कोणतं काम झालं. वायरींच्या रंगांवरून तर्क करू नका. या वयाच्या गाडीचं वायरिंग अनेक हातांतून गेलेलं असतं. तपासणीनंतर खर्चाचा अंदाज सांगूनच आम्ही काम सुरू करतो आणि काढलेला प्रत्येक पार्ट तुमच्या हातात परत देतो.