रोमन रहस्यकथा

प्राचीन रोमच्या पार्श्वभूमीवर, गुन्हा आणि त्याचा तपास यांभोवती रचलेली ऐतिहासिक कथा वा कादंबरी. इंग्रजीत हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत. लिंडसे डेव्हिस यांची ‘द सिल्व्हर पिग्स’ (१९८९), जॉन मॅडॉक्स रॉबर्ट्स यांची ‘एसपीक्यूआर’ (१९९०) आणि स्टीव्हन सेलर यांची ‘रोमन ब्लड’ (१९९१) ही पुस्तके लागोपाठ आली आणि तिन्हींच्या पुढे लांबलचक मालिका झाल्या. इटालियनमध्ये डानिला कोमास्त्री मोंतानारी यांनी १९९० मध्येच सम्राट क्लॉडियसच्या काळातला एक सेनेटर तपासाला जुंपला होता. त्याआधीचे तुरळक प्रयत्न, उदाहरणार्थ वॉलेस अर्विन यांचे १९३५ मधील सीझरच्या खुनावरचे पुस्तक, थट्टेच्या अंगाने गेलेले होते.

बहुतेक कथानके इ.स.पू. ८० ते इ.स. १३८ या काळात घडतात. याचे कारण साधनांत आहे. सिसेरोची भाषणे व पत्रे, टॅसिटस आणि स्विटोनियस यांचे इतिहास, जुव्हेनल व मार्शल यांच्या उपरोधिक कविता आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली टिकलेले पाँपेई शहर ही सगळी सामग्री याच काळाची आहे. या काळाबाहेर पाऊल टाकले की लेखकाला बरेचसे अंधारात चाचपडावे लागते.

तपास कोण करणार?

रोममध्ये पोलीस नव्हते, सरकारी वकीलही नव्हता. खून झाला तर आरोप ठेवण्याचे, पुरावे गोळा करण्याचे आणि न्यायालयात उभे राहण्याचे काम एखाद्या खासगी नागरिकाने अंगावर घ्यायचे, ही तिथली रीत. हुकूमशहा सुल्लाने इ.स.पू. ८१ मध्ये केलेल्या कायद्याने सुरे बाळगणारे मारेकरी आणि विषप्रयोग करणारे यांच्यासाठी एक कायम न्यायालय नेमले, पण फिर्यादी तिथेही खासगीच होता. त्यामुळे या प्रकारात लेखकाला पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो खुनी कोण हा नव्हे, तर या माणसाला कोणाच्याही घरात शिरून चार प्रश्न विचारण्याचा काय अधिकार, हा.

प्रत्येक मालिकेचे उत्तर वेगळे आहे. सेलर यांचा गॉर्डिएनस वकिलांसाठी पैसे घेऊन माहिती शोधून देतो. रॉबर्ट्स यांचा डेसियस मेटेलस थोर घराण्यातला आहे आणि राजकीय पदांची एकेक पायरी चढताना त्याला चौकशीचे निमित्त मिळत जाते. डेव्हिस यांचा फाल्को हा माजी सैनिक, अॅव्हेंटाइन टेकडीवरच्या पडक्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहणारा खबऱ्या. सम्राट व्हेस्पेझियन त्याला कामे देतो आणि पैसे देताना हात आखडता घेतो. रुथ डाउनी यांचा रुसो हा ब्रिटनमधल्या छावणीत सैन्याचा वैद्य आहे, तर रोझमेरी रो यांचा लिबर्टस हा मोझेइकची फरशी बसवणारा मुक्त गुलाम. वैद्य आणि कारागीर ही निवड चतुर आहे: दोघांनाही श्रीमंताच्या घरात आतपर्यंत जाता येते आणि दोघांकडेही कोणी फारसे लक्ष देत नाही.

ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये उभारलेले ‘व्हिजिलेस’ हे रात्रीचे पहारेकरी या कथांत हटकून येतात. त्यांच्या सात तुकड्या होत्या आणि शहराच्या १४ विभागांपैकी दोन-दोन विभाग एकेका तुकडीकडे होते. त्यांचे मूळ काम आग विझवण्याचे. बादल्या आणि कुऱ्हाडी घेऊन रात्रभर गस्त घालायची. त्यांचा प्रमुख जाळपोळ, घरफोडी, चोरी आणि चोरीचा माल दडवणे यांचा निवाडा करी, पण बडा गुन्हेगार असला की प्रकरण शहराच्या प्रीफेक्टकडे, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याकडे, जाई. फाल्कोचा मित्र पेट्रोनियस याच दलात आहे. खून झाला की या दलाचा नायक पुरावे गोळा करू लागतो, असे रंगवणारी पुस्तके आहेत. सोय म्हणून ते चालून जाते, पण मूळ दलाला तसे काम नव्हते.

रोस्कियस खटला

या प्रकाराचा पाया इ.स.पू. ८० मधल्या एका खऱ्या खटल्यात आहे. ‘रोमन ब्लड’चे कथानक त्याच्यावरच उभे आहे. अमेरिया गावचा धनिक सेक्स्टस रोस्कियस रात्रीच्या जेवणाहून परतताना रोममध्ये पॅलासिनाच्या स्नानगृहाजवळ मारला गेला. पित्याच्या खुनाचा आरोप आला त्याच नावाच्या मुलावर. शिक्षा ठरलेली होती: चामड्याच्या पोत्यात शिवून पाण्यात बुडवणे. २६ वर्षांच्या सिसेरोने त्याचे वकीलपत्र घेतले.

त्याचे भाषण आजही तपासकथेसारखे वाचता येते. खून रात्रीच्या पहिल्या तासानंतर झाला आणि पहाट फुटताना बातमी अमेरियात पोहोचली होती. हे अंतर ५६ रोमन मैल, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर. निरोप्या मॅलियस ग्लाउसिया हलक्या गाड्या बदलत रात्रीच्या दहा तासांत तिथे गेला. इतक्या घाईने तो गेला कोणाकडे? मुलाकडे नाही, तर मयताचा हाडवैरी आणि भाऊबंद टायटस रोस्कियस कॅपिटो याच्याकडे. पुढे मयताचे नाव सुल्लाच्या शत्रूंच्या यादीत घुसडण्यात आले. यादी १ जूनला बंद झाली होती आणि खून त्यानंतर काही महिन्यांनी झाला होता, याची कोणाला फिकीर नव्हती. नाव यादीत गेल्याने मालमत्ता जप्त झाली. ६० लाख सेस्टर्स (रोमन नाणे) किमतीची ती १३ शेते सुल्लाचा मुक्त गुलाम क्रिसोगोनस याने २,००० सेस्टर्सना घेतली, त्यांपैकी तीन कॅपिटोला मिळाली. ‘लाभ कोणाला झाला?’ हा जुन्या न्यायाधीश कॅसियसचा प्रश्न सिसेरो इथे पुन्हा पुन्हा विचारतो. मुलगा सुटला.

खून रात्री मयताबरोबर असलेल्या दोन गुलामांनी पाहिला होता. आरोपी त्यांची साक्ष मागत राहिला, पण ते आता क्रिसोगोनसच्या घरात होते आणि तो त्यांना देईना. साक्षीदार जिवंत आहेत, कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यांना बोलते करता येत नाही. या पेचाला तोड नाही. आधुनिक काळातल्या कथेत लेखकाला हे जमवायला बराच खटाटोप करावा लागेल, रोममध्ये ते कायद्यातूनच मिळते.

साक्ष, शव आणि विष

गुलामाची साक्ष छळ करूनच घेतली जाई आणि मोजके अपवाद सोडता ती त्याच्या मालकाविरुद्ध वापरता येत नसे. इ.स. १० च्या सेनेटच्या ठरावानुसार मालकाचा घरात खून झाला, तर त्या छपराखालच्या सर्व गुलामांचा छळ आणि मृत्युदंड ठरलेला. इ.स. ६१ मध्ये शहराचा प्रीफेक्ट पेडॅनियस सेकंडस याला एका गुलामाने मारले, तेव्हा घरातल्या ४०० जणांना मरणाची शिक्षा झाली. जमाव दगड आणि मशाली घेऊन आडवा आला, तेव्हा नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करून ती पार पाडली. सेलर यांनी ‘आर्म्स ऑफ नेमेसिस’मध्ये या प्रथेचा उपयोग घड्याळासारखा केला आहे: ठरावीक दिवसांत खुनी सापडला नाही, तर रोमचा बडा धनिक क्रॅसस ९९ गुलामांना ठार करणार. कथानक इ.स.पू. ७२ मधले आहे, तेव्हा वरचा ठराव झालेला नव्हता; म्हणून क्रॅसस पूर्वजांच्या रीतीचा आधार घेतो. हे बारकाईने केलेले काम आहे.

शवाची तपासणी अगदीच अशक्य नव्हती. सीझरच्या अंगावरच्या २३ जखमांपैकी छातीवरची दुसरी तेवढी प्राणघातक होती, असे अँटिस्टियस या वैद्याचे मत स्विटोनियसने नोंदवले आहे. त्यामुळे जखमांची संख्या, खोली आणि दिशा यांवर तर्क करणारा वैद्य कथेत खपतो. बोटांचे ठसे, रक्ताचा गट किंवा पोटातल्या विषाची परीक्षा मात्र खपत नाही. मृत्यू विषाने झाला की तापाने, हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नसे. म्हणून विषाच्या कथेत पुरावा शरीरात न शोधता वाढपाच्या क्रमात शोधावा लागतो.

त्याचा नमुना टॅसिटसने देऊन ठेवला आहे. इ.स. ५५ मध्ये नीरोचा सावत्र भाऊ ब्रिटॅनिकस भोजनाला बसला होता. त्याचे प्रत्येक पेय आधी चाखले जाई. त्याला एक निर्धोक पण फार गरम पेय दिले गेले, चाखणाऱ्याने ते चाखले. गरम लागते म्हणून ब्रिटॅनिकसने ते परत केले, तेव्हा त्यात गार पाणी घालण्यात आले. विष त्या पाण्यात होते, आणि पाणी कोणी चाखले नव्हते. विष लोकस्टा या बाईने बनवले होते आणि नीरोने ते आधी जनावरांवर करून पाहिले होते, असे स्विटोनियस सांगतो.

तास आणि तारखा

सर्वांत जास्त गफलती वेळेत होतात. रोमन दिवसाचे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत १२ तास आणि रात्रीचेही १२ तास. साहजिकच तासाची लांबी ऋतूप्रमाणे बदले: दिवसाचा तास रोममध्ये ऐन हिवाळ्यात सुमारे ४५ मिनिटांचा, ऐन उन्हाळ्यात सुमारे ७५ मिनिटांचा. मिनिटे नव्हतीच. ‘मी सव्वा दहाला निघालो’ अशा जबानीवर इथे काही बेतता येत नाही. उलट या ढिलेपणाचा फायदा घेता येतो. राजकीय पुढारी क्लोडियस हा प्रतिस्पर्धी मायलोच्या टोळीशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्या हत्येबद्दल सिसेरोच्या भाषणांचा भाष्यकार ॲस्कोनियस म्हणतो की दोन्ही टोळ्यांची गाठ सुमारे नवव्या तासाला पडली. आरोपी मायलोची बाजू मांडणारा सिसेरो अकरावा तास सांगतो. दोन तासांचा हा फरक का, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

तारीख काढताना पुढच्या टप्प्यापासून मागे मोजायचे आणि दोन्ही टोके धरायची. क्लोडियस इ.स.पू. ५२ मध्ये फेब्रुवारीच्या कॅलेंड्सआधी (कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस) तेराव्या दिवशी मारला गेला. आजच्या सवयीने जानेवारी ३१ दिवसांचा धरला तर उत्तर येते २० जानेवारी, आणि ते चूक आहे. सीझरच्या सुधारणेपूर्वी, म्हणजे इ.स.पू. ४५ च्या आधी, जानेवारी २९ दिवसांचा होता. बरोबर उत्तर १८ जानेवारी.

शहर आणि बाजार

सूर्योदयापासून दहाव्या तासापर्यंत शहरात मालगाड्यांना बंदी होती. अपवाद मंदिरांच्या बांधकामाचे सामान, घाण वाहून नेणाऱ्या गाड्या आणि धार्मिक मिरवणुकांचा. प्रेत गाडीतून हलवायचे तर ते रात्री, आणि रात्री रस्ते गाड्यांनीच भरलेले. भरदुपारी प्रेत शहराबाहेर काढायचे असेल, तर घाणीची गाडी हाच मार्ग उरतो.

पैशांचा हिशेब सोपा आहे: एक सोन्याचा ऑरियस म्हणजे २५ दिनार, एक दिनार म्हणजे ४ सेस्टर्स. डोमिशियनने वाढवेपर्यंत सैनिकाचा वार्षिक पगार २२५ दिनार, म्हणजे ९०० सेस्टर्स होता. सेनेटरांच्या खालोखालच्या अश्वारोही वर्गात जायला ४,००,००० सेस्टर्सची मालमत्ता लागे. सेनेटरच्या मुलीशी रीतसर लग्न करण्यासाठी फाल्को मालिकेच्या अनेक पुस्तकांत जमवत राहतो ती हीच रक्कम. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्याची अडचण ध्यानात येते.

जेवणात टोमॅटो, बटाटा, मिरची, मका यांपैकी काही आले तर पुस्तक तिथेच मिटावे. काळी मिरी मात्र भरपूर होती आणि ती मलबारहून येई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेमध्ये पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा यांची नावे आहेत. सँडॅनिस या सत्ताधीशाच्या काळात कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. एवढा ऐवज हाताशी असून मराठी लेखकांनी त्याचा फारसा उपयोग केलेला नाही.

नावांचा घोळ वेगळाच. रोस्कियस खटल्यात चार रोस्कियस आहेत. बहिणींना घराण्याचेच नाव मिळे, म्हणून क्लोडियसच्या तिन्ही बहिणी क्लोडिया. मुक्त झालेला गुलाम मालकाची पहिली दोन नावे घेई. सिसेरोचा लेखनिक टिरो असाच मार्कस टुलियस टिरो झाला. बहुतेक लेखक टोपणनावांवर वेळ मारून नेतात.

मुलांसाठी

कॅरोलाइन लॉरेन्स यांची ओस्टिया बंदरातली मालिका (२००१ पासून, १७ पुस्तके) मुलांमध्ये गाजली आणि बीबीसीने २००७-०८ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका केली. तिच्या दुसऱ्या पुस्तकात व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ च्या ऑगस्टमध्ये होतो. उद्रेक प्रत्यक्ष पाहिलेल्या धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांनुसार तेव्हा तेच ग्राह्य होते. २०१८ मध्ये पाँपेईतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तीत नोव्हेंबरच्या कॅलेंड्सआधीचा सोळावा दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबर आहे. कोळशाचे लिखाण फार काळ टिकत नाही, त्यामुळे उद्रेक त्यानंतर लगेच झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या ओळीत वर्ष लिहिलेले नाही, म्हणून ऑगस्टचा पक्षही अजून हटलेला नाही.